पदरात मूल, हातात टाचणवही : करिअर बदलायला बी.एड. करायचं तर

आमच्या फ्रिजवर वर्षभर एक कागद चिकटवलेला होता. स्केचपेनने आखलेले नऊ चौकोन, बाकी काही नाही. पाहुणे विचारायचे, हे काय लुडोचं पान? मी म्हणायचे, नाही, माझ्या रजा आहेत.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता असते. म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचं. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) नियमाप्रमाणे तिथे ९० टक्के हजेरी लागते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात, आणि त्यातले दहा टक्के म्हणजे नऊ दिवस. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि नुकताच बालवाडीत जायला लागला होता. बालवाडीचं पहिलं वर्ष म्हणजे काय असतं ते आयांना सांगायला नको. वर्गात एकाला शिंक आली की आठ दिवसांत सगळ्यांच्या घरी वाफारा.

हा लेख अशा बायकांसाठी आहे ज्यांनी पाच-दहा वर्षं दुसरीकडे कुठेतरी नोकरी केली, मग मूल झालं, आणि आता शिक्षिका व्हायचं मनात आहे. मी स्वतः बी.एस्सी. करून नऊ वर्षं साताऱ्यात एका खाजगी कंपनीच्या हिशेब खात्यात होते. चौतिसाव्या वर्षी बी.एड.ला बसले. मला जे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते आहे.

आधी नोकरी बघा, मग कोर्स

आपल्याकडे "बायकांना बरं असतं" म्हणून बी.एड. सुचवलं जातं. सुट्ट्या मिळतात, मुलांच्या वेळेत घरी येता येतं वगैरे. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही मला पगार किती मिळतो ते सांगितलं नव्हतं. म्हणून सुरुवात तिथून.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं, म्हणजे आता परिस्थिती बरीच म्हणायची. पण तुमचा आजचा पगार तीस असेल तर पुढची पाच वर्षं (दोन शिक्षणाची, तीन मानधनाची) घर कसं चालणार याचा हिशेब आज करायला हवा. खाजगी विनाअनुदानित शाळेचा पगार संस्थेवर ठरतो. त्यासाठी एकच उपाय आहे. तुमच्या गावातल्या चार-पाच शाळांमधल्या शिक्षिकांना गाठा आणि सरळ विचारा. सही कितीवर होते आणि हातात किती येतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा.

दुसरी गोष्ट, बी.एड. झाल्यावर कोणत्या वर्गाला शिकवता येतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. तुम्हाला लहान मुलांनाच शिकवायची हौस असेल तर बी.एड.च्या वाटेला जाऊ नका. बी.एड.वाल्यांसाठी सहावी ते आठवी, त्यासाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर, आणि पुढे नववी-दहावी.

तिसरी गोष्ट वयाची. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही मर्यादा साधारणपणे असते. पस्तिशीत बी.एड.ला बसलात तर सदतिसाव्या वर्षी बाहेर पडाल. त्यातून शिक्षक भरतीची टेट परीक्षा (अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, टीईटीहून वेगळी) दरवर्षी होत नाही. २०१७ ला झाली, मग थेट २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५ मध्ये. या तारखांकडे पाहून मी तरी खाजगी शाळा हाच पहिला पर्याय धरला आणि सरकारी नोकरी लागली तर लॉटरी असं मानलं. तुम्ही तिशीच्या आत असाल तर तुमचं गणित वेगळं येईल.

हे सगळं वाचून "नको बाई" वाटलं तर तेही चांगलंच. दोन वर्षं वाचली. मला वाटलं नाही, कारण मला आठवीला बीजगणित शिकवायचं होतं आणि व्हाउचरं टॅली करून मी कंटाळले होते.

घरबसल्या होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. नवख्या माणसासाठी नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं किंवा इग्नूचं बी.एड. हे आधीच प्राथमिक शाळेत नोकरी करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी एनसीटीई मान्यतेचा एखादा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम वर्गात बसून केलाय त्यांच्यासाठी आहे. साधी पदवी घेऊन तिथे प्रवेश मिळत नाही.

मग बाजारात एक तिसरी चीज मिळते. "मॅडम, नॉन-अटेंडिंग करून देतो, फक्त परीक्षेला या." मला असे दोन फोन आले होते. एकाने तर लहान मूल आहे कळल्यावर आवाजात अशी माया आणली की क्षणभर खरं वाटलं. करू नका. पदवी हातात येईल, पण चाळीस पोरांच्या वर्गात उभं राहून त्यांच्याकडे पाठ कशी करायची नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. शिवाय हजेरीची चौकशी लागली तर अडकणार तुम्ही, एजंट नाही.

शिक्षण सोडून दुसरं काही डोक्यात असेल तरी आधी हजेरीचाच नियम बघा. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते आणि काही शहरांत सकाळची कॉलेजं आहेत, त्यामुळे लहान मूल असलेल्या बाईला ते कधी कधी बी.एड.पेक्षा सोपं जातं. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, कायदा यातलं काहीही दूरस्थ पद्धतीने मान्य नाही. कुणी देतो म्हणालं तर तो फसवतोय.

हजेरीचा खरा आकडा

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, आठवड्याला ३६ तास, वर्गातल्या कामाला ८० टक्के हजेरी आणि आंतरवासितेला ९० टक्के. एकूण वीस आठवडे शाळेत काढायचे : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. विद्यापीठागणिक सत्रांची विभागणी थोडी बदलते, म्हणून प्रवेश घेताना त्या कॉलेजचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्या. देतात.

कॉलेजच्या बाजूला ८० टक्के म्हणजे वर्षाला चाळीस दिवस हाताशी राहतात. तेवढ्यात आजारपण, लग्नकार्यं, गणपती सगळं बसतं. घात करतात ते सोळा आठवडे. म्हणून माझं म्हणणं असं की सगळी आखणी त्या सोळा आठवड्यांवरून मागे मागे करत या. मूल तेव्हा किती वर्षांचं असेल? अंगावर पीत असेल का? शी-शू सांगत असेल का? शाळेत जात असेल का? माझ्या एका मैत्रिणीने हा हिशेब करून प्रवेश वर्षभर पुढे ढकलला, कारण नाहीतर तिचं दुसरं वर्ष आणि बाळाचं दीड वर्ष एकत्र आलं असतं. शहाणपणाचा निर्णय होता.

आणि दरम्यान दुसऱ्यांदा दिवस गेले तर? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा आणि हजेरीत सवलत देण्याबाबत नियम करायला सांगितलं आहे. तुमच्या विद्यापीठाने काय नियम केला ते प्राचार्यांना लेखी अर्ज करून विचारा. तोंडी "बघू" ला काही अर्थ नसतो.

मूल कुणाकडे

आता मुद्द्याचं. मी तीन थर केले होते, आणि तिसऱ्या थराची गरज पडणार नाही असं मला वाटत होतं. पडली.

पहिला थर रोजचा. आमच्याकडे बालवाडी सकाळी नऊ ते बारा आणि पुढे पाळणाघर पाच वाजेपर्यंत. सरकारी अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मोफत आहे आणि तिथे खाऊही मिळतो, पण ती काही तासांचीच असते, दिवसभराची सोय ती नव्हे. खाजगी नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा जानेवारीत जन्मलेल्या बाळाला वर्षभर जास्त थांबावं लागतं, हे आधी बघून ठेवा.

पाळणाघर बघायला न सांगता दुपारी दोन वाजता जा. सकाळी सगळीच पाळणाघरं छान असतात. दोन वाजता मुलं झोपलेली असतात की टीव्हीसमोर बसवलेली, बाई एकटीच आहे की मदतनीस आहे, दाराला आतून वरची कडी आहे का, ते दिसतं. विचारायचे प्रश्न थोडे आहेत : ताप किती आला की फोन करता, औषध तुम्ही पाजता का, सव्वापाच झाले तर काय, आणि तुमची स्वतःची सुट्टी कधी. शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. आमच्या पाळणाघराच्या काकू मे महिन्यात तीन आठवडे गावी गेल्या आणि त्यातच माझी सत्र परीक्षा आली.

कॉलेज सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी मूल पाळणाघरात घाला. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत. त्याचं रडणं आणि तुमचा पहिला पाठ एकाच आठवड्यात येता कामा नये. आणि निघताना पळून जाऊ नका, सांगून जा. "आई पाच वाजता येणार" हे त्याला कळत नाही, पण "दूध प्यायलास की आई येणार" हे कळतं.

दुसरा थर घरातला. इथे माझं थोडं कडक मत आहे. सासू-सासरे किंवा आई-वडील "आहेतच" असं धरून चालू नका. त्यांना विचारा, आणि सगळ्यांसमोर न विचारता एकटं बसून विचारा. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, दोन वर्षं रोज पाच ते सात तो तुमच्याकडे असेल. तुमचं भजनी मंडळ बुधवारी असतं ना?" त्या म्हणाल्या, "बुधवार सोडून जमवते. पण मांडीवर घेऊन फिरवायला सांगू नकोस, गुडघे धरतात." एवढं बोलणं झालं म्हणून पुढे दोन वर्षं कुणी कुणावर उपकार केल्यासारखं वागलं नाही. बुधवारी नवरा साडेपाचला यायचा, महिन्याला एखाद्या बुधवारी मी टाचणं (पाठांची लेखी आखणी) बगलेत मारून घरी पळायचे.

तिसरा थर आजारपणाचा, आणि तिथेच ते नऊ चौकोन. मुलाला बरं नसेल तर पाळणाघर घेत नाही आणि घेऊही नये. मग घरी कोण राहणार? बहुतेक घरांत हे कुणी ठरवत नाही. न ठरवता आईच राहते. आम्ही कागदावर लिहिलं : पहिला दिवस नवऱ्याचा, दुसरा माझा, तिसरा नवऱ्याचा, त्यापुढे माझ्या आईला फोन. त्याने वर्षाच्या सुरुवातीला स्वतःच्या किरकोळ रजा मोजून त्यातल्या सहा बाजूला ठेवल्या.

आंतरवासितेच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या तळहातांवर पुरळ दिसलं. हँड-फूट-माउथ. पाळणाघराने आठवडाभर पाठवू नका सांगितलं. ठरल्याप्रमाणे पहिला दिवस त्याचा झाला. दुसऱ्या दिवशी माझा आठवीवर पाठ होता, विषय अवयव पाडणे, मार्गदर्शक बाई निरीक्षणाला येणार. मी घरी राहिले, पहिला चौकोन खोडला आणि बाईंना सकाळी सातला फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "परवा घ्या, पण टाचण आज पाठवा." एका हाताने मुलाला थंड ताक पाजत दुसऱ्या हाताने टाचण लिहिलं. त्या कागदावर ताकाचा डाग आहे, अजून फाइलमध्ये आहे. तिसऱ्या दिवशी नवरा, चौथ्या दिवशी आई कोरेगावहून एसटीने आली. आठवड्यात माझा एकच चौकोन गेला. सोळा आठवडे संपले तेव्हा दोन चौकोन कोरे होते.

हा कागद फ्रिजवर लावण्याचा फायदा असा की तो सगळ्यांना दिसतो. भांडायला लागत नाही. नणंदबाईंनी सहज म्हणून दिवाळीच्या खरेदीला एक दिवस मागितला, तेव्हा मी काही बोलण्याआधी सासूबाईंनीच फ्रिजकडे बोट दाखवलं.

पैशाची जुळवाजुळव

फी आधी बघा. विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर पावती कशाची देणार ते विचारा, बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत (म्हणजे सरकारी) प्रवेशफेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. विवाहित बाईने उत्पन्नाचा दाखला नेमका कुणाचा जोडायचा आणि तुमचं कॉलेज या योजनेत आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारून घ्या. मला स्वतःला ही माफी मिळाली नाही, माझं कॉलेज संपलं आणि महिन्याभरात शासन निर्णय आला. नशीब.

कर्ज लागलंच तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच अर्जावर अनेक बँकांकडे जाता येतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि गहाण मागत नाहीत. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र तोपर्यंत साठत राहतं. जमलं तर शिकत असतानाच दरमहा नुसतं व्याज भरा. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०-ई खाली आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते.

फीपेक्षा मला जड गेला तो गेलेला पगार आणि पाळणाघराचा खर्च. नोकरी सोडायच्या आधी सहा महिने आम्ही माझा पगार आलाच नाही असं समजून राहिलो. पूर्णच्या पूर्ण आवर्ती ठेवीत टाकला. पहिले दोन महिने जमलंच नाही, मोडून काढले. तिसऱ्यापासून जमलं. ही रंगीत तालीम नक्की करा, कुठे गळती आहे ते आधीच कळतं. शिवाय साहित्याचा खर्च धरा : कार्डशीट, स्केचपेन, फाइली, झेरॉक्स. सरावपाठांच्या महिन्यांत झेरॉक्सवाल्याला माझी ओळख नवऱ्यापेक्षा जास्त झाली होती.

कागदपत्रं, म्हणजे तुमचं नाव नक्की काय

गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर आणखी तिसरंच स्पेलिंग. लग्नानंतर शिकणाऱ्या प्रत्येक बाईची ही कथा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा, आणि नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद करून घ्या. ऑनलाइन अर्ज होतो, पण प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो, तेव्हा सीईटीच्या (बी.एड.च्या प्रवेश परीक्षेच्या) आधीच सुरू करा. माझा सल्ला : प्रवेश अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणेच भरा. पदवी प्रमाणपत्र, बी.एड.ची गुणपत्रिका, टीईटी सगळीकडे एकच नाव चाललं की पुढे पडताळणीत कुणी अडवत नाही.

मधल्या वर्षांसाठी खंड प्रतिज्ञापत्र, म्हणजे शिक्षणात खंड का पडला ते लिहून दिलेलं, लागतं. नोकरीत होतात तर अनुभवाचं पत्रही जोडा. अधिवास दाखला, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठाचे असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या जातीवरून निघतो, सासरच्या नाही. त्यासाठी लागणारे वडिलांचे जुने पुरावे गावाकडच्या ट्रंकेत असतात आणि ट्रंकेची किल्ली भावाकडे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जाल तेव्हाच हे काम उरकून घ्या.

सीईटी

पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के आणि मागास प्रवर्गात ४५ टक्के असतील तर सीईटीला बसता येतं. शंभर प्रश्न, दीड तास, चुकीला गुण कापत नाहीत : बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमासाठी वेगळी भाषा चाचणी असते.

अवघड नाही. क्लास लावायची गरज नाही असं माझं मत. मी रोज पहाटे पाऊण तास बसायचे. रात्री मूल झोपवता झोपवता आपण आधी झोपतो, हे दोन आठवड्यांत कळलं. बुद्धिमत्तेचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा, कारण चुका वेळेमुळे होतात. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

फेरीत पसंतीक्रम लावताना

नावाजलेलं कॉलेज वर ठेवायचा मोह होतो. लहान मूल असेल तर आधी गुगल मॅप उघडा आणि त्रिकोण बघा : घर, पाळणाघर, कॉलेज. फोन आला तर किती वेळात पाळणाघरात पोचाल? माझी मर्यादा पंचवीस मिनिटं होती. त्यापलीकडची दोन चांगली कॉलेजं मी यादीत खाली टाकली.

कॉलेजात जाऊन एक प्रश्न नक्की विचारा : आंतरवासितेला कोणत्या शाळा देता, आणि घराजवळची मागितली तर मिळते का. शाळा सकाळच्या सत्राची की दुपारच्या, यावर तुमचं सगळं वेळापत्रक बदलतं. आणि व्हरांड्यात दुसऱ्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी गाठा. खरं तिथे कळतं. प्रवेशफेऱ्या रेंगाळतात, कधी कधी पावसाळा संपत येतो. नोकरीचा राजीनामा जागा पक्की झाल्याशिवाय देऊ नका.

ती दोन वर्षं

पहिल्याच महिन्यात सूक्ष्म अध्यापन येतं. एकच कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारणं म्हणा किंवा फलकलेखन, आणि पाच-दहा वर्गमैत्रिणींना विद्यार्थी मानून सहा मिनिटं शिकवायचं. मग सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही ते ऐकायचं), बारा मिनिटं पुन्हा नियोजन, पुन्हा सहा मिनिटं शिकवणं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुली सुरुवातीला लाजतात, हसतात. आपण हसत नाही. घरी रोज न ऐकणाऱ्या श्रोत्यापुढे पाठ चालूच असतो ना. वयाची भीती मला याच आठवड्यात गेली.

लेखनकाम मात्र अफाट. पाठ टाचणं, निरीक्षण नोंदी, प्रात्यक्षिक वह्या, कृतिसंशोधन (वर्गातल्या एखाद्या अडचणीचा स्वतः केलेला अभ्यास). तीन गोष्टींनी मी तरले. एक, टाचण त्याच दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून पूर्ण करायचं, घरी न्यायचं नाही. चार वाजता सुटलं तरी पावणेपाचपर्यंत बसायचं. दोन, शैक्षणिक साहित्य टिकाऊ करायचं : बैजिक राशींच्या फरशा मी पुठ्ठ्याऐवजी जुन्या फोमच्या चटईतून कापल्या, त्या वीस पाठांना पुरल्या. (मुलाने त्यातल्या तीन चावल्या, पण कागदाच्या असत्या तर एकही उरली नसती.) तीन, आमच्या गटात मुलं असलेल्या तिघी होतो. आम्ही नोट्स वाटून घेतल्या आणि एकीचं मूल आजारी असलं की दुसरी तिचा पाठ स्वतःच्या पाठाशी बदलून घ्यायची. हे मार्गदर्शक बाईंना आधी सांगून करायचं.

कृतिसंशोधनाचा विषय आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि छोटा ठेवा. "आठवीच्या विद्यार्थ्यांच्या चिन्हांच्या चुका" एवढा पुरतो. अभ्यासातली अरुची, गळती, व्यसन असले डोंगराएवढे विषय बिनमुलाच्या लोकांना सोडा.

घरात काही गोष्टी सुटतील. आमच्याकडे आंतरवासितेत आठवड्यातून दोनदा रात्री खिचडी असायची आणि कपडे इस्त्रीवाल्याकडे जायचे. पहिले काही दिवस मला ते डाचलं. नंतर खिचडीबरोबर पापड आला की मुलगा टाळ्या वाजवायला लागला.

टीईटी, टेट आणि नोकरी

टीईटी बी.एड. संपेपर्यंत लांबवू नका. दुसऱ्या वर्षीच अर्ज भरायला मिळत असेल तर जाहिरात नीट वाचून भरा. महाटीईटी (राज्याची टीईटी) २०२१ नंतर थेट १० नोव्हेंबर २०२४ ला झाली, मग २३ नोव्हेंबर २०२५ ला. मध्ये एवढी फट पडू शकते, म्हणून केंद्राची सीटीईटीही देऊन ठेवा. दुसरा पेपर १५० गुणांचा : बालविकास ३०, दोन भाषा ३०-३०, आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधीपासून नोकरीत असलेले शिक्षकही या परीक्षेला बसू लागले आहेत, त्यामुळे परीक्षा केंद्रावर पन्नाशीच्या बाईंशेजारी बसायची तयारी ठेवा. माझ्या बालविकासाच्या तयारीला घरचं पात्र फार उपयोगी पडलं. वस्तुस्थायित्व (नजरेआड झालेली वस्तू असतेच ही समज) म्हणजे काय ते मी चेंडू उशीखाली लपवून शिकले.

टेट दोनशे गुणांची असते, अभियोग्यता १२० आणि बुद्धिमत्ता ८०. तिचे गुण पवित्र या सरकारी पोर्टलवर शिक्षक भरतीसाठी वापरतात. जाहिरात आली की फॉर्म भरा, पण तिची वाट बघत घरी बसू नका.

खाजगी शाळेत मुलाखतीला गेलात तर नमुना पाठ घ्यायला लावतात. आंतरवासितेतला सगळ्यात चांगला पाठ त्यासाठी तयार ठेवा, साहित्यासकट. पगार बँकेत जमा होणार का, नियुक्तीपत्र मिळणार का, मे महिन्याचा पगार धरतात का, आणि शनिवारी किती वाजता सोडता, हे निघायच्या आधी विचारा. "मूल लहान आहे, सांभाळायला कोण?" असं तुम्हालाही विचारतील. मला विचारलं तेव्हा मी पाळणाघराची वेळ सांगितली, सासूबाईंचे बुधवार सोडून सगळे वार सांगितले, नवऱ्याच्या सहा रजा सांगितल्या. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, सोमवारपासून येता का?